व्हायकिंग लाँगशिप बघायला जाताय? मग वल्हं हातात येईल असाच बेत करा

डेन्मार्क-नॉर्वेच्या ट्रिपमध्ये बहुतेक लोक काय करतात, तर धक्क्यावर एखादं व्हायकिंग जहाज, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींच्या जहाजाची नक्कल, बांधलेलं दिसलं की त्याच्यासमोर उभं राहून दोन फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणाला निघतात. पहिल्या वेळी मीही तेच केलं आणि नंतर खूप हळहळ वाटली, कारण या रेप्लिका शोपीस म्हणून बांधलेल्याच नाहीत, त्या पाण्यावर चालवायला बांधल्यात, आणि बऱ्याच ठिकाणी तुमच्या-आमच्यासारख्या कुणालाही त्यात नाहीतर तशाच पद्धतीच्या बोटीत बसून वल्हं मारता येतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कुठे जायचं, कधी जायचं, जहाजात काय बघायचं आणि वल्हवताना काय करायचं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मूळ जहाज वेगळं आणि रेप्लिका वेगळी. मूळ जहाजं हजार-बाराशे वर्षं जुनी, काचेमागे नाहीतर लोखंडी सांगाड्यावर तुकडे जोडून ठेवलेली, त्यांना हात लावायचा प्रश्नच नाही. पण नुसत्या तुकड्यांवरून हे कळत नाही की जहाज वाऱ्यात कसं चालायचं, लाटेवर वाकायचं का, किती माणसं लागायची. ते कळायला तसंच्या तसं दुसरं बांधून समुद्रात घालावं लागतं. १८९३ साली माग्नुस आन्डरसन नावाच्या नॉर्वेजियन कप्तानाने नॉर्वेत सापडलेल्या गोकस्टाड या मूळ जहाजाची रेप्लिका बर्गनहून अटलांटिक पार करून थेट शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला नेली होती, आणि त्याने नोंदवून ठेवलं की लाटांमध्ये जहाजाची कड सहा इंचापर्यंत पिळवटायची तरी आत पाणी येत नव्हतं. काचेमागचं जहाज बघून हे कुणाला कळलं असतं?

पहिल्यांदा जाणार असाल आणि एकच जागा निवडायची असेल तर मी डोळे झाकून डेन्मार्कमधलं रोस्किल्ड सांगेन, तिथे बंदरावर व्हायकिंग जहाजांचं म्युझियम आहे. कोपनहेगनहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता, तिकीट मात्र गाडीत चढायच्या आधी काढा. स्टेशनवरून बंदरापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालत, रस्ता उताराचा आहे, वाटेत डेन्मार्कच्या राजा-राण्यांच्या कबरी असलेलं मोठं कॅथेड्रल लागतं, ते परत येताना बघा कारण तेव्हा चढ असतो आणि बसायला जागा हवीच असते.

रोस्किल्डची गोष्ट अशी की साधारण १०७० च्या सुमाराला शहरावर समुद्रातून हल्ला होऊ नये म्हणून लोकांनी जुनी जहाजं दगड भरून खाडीच्या वाटेत मुद्दाम बुडवली, स्कुल्डेलेव्ह नावाच्या गावाजवळ, शहरापासून उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर. १९६२ मध्ये त्या जागेभोवती बांध घालून पाणी उपसलं आणि चिखलातून हजारो तुकडे बाहेर काढले. तिथे पाट्यांवर स्कुल्डेलेव्ह १, २, ३, ५ आणि ६ असे नंबर दिसतील आणि चार नंबर कुठे गेला असं वाटेल, तर सुरुवातीला सहा जहाजं आहेत असं वाटलं होतं, नंतर कळलं की चार नंबरचे तुकडे दोन नंबरचेच आहेत, कारण ते जहाज फारच लांब होतं. १९६९ मध्ये म्युझियम उघडलं. नंतर नव्वदच्या दशकात त्याच म्युझियमसाठी बंदराचं खोदकाम चालू असताना अजून नऊ जहाजं सापडली आणि त्यातलं एक ३६ मीटरच्या वर लांब निघालं! म्हणजे जहाजांचं म्युझियम वाढवायला खणलं आणि खाली जहाजंच मिळाली.

आता रेप्लिकांकडे या. मूळ पाचही जहाजांच्या रेप्लिका बांधून झाल्यात. सगळ्यात देखणी म्हणजे हॅवहिंगस्टेन फ्रा ग्लेन्डालॉ, दोन नंबरची रेप्लिका, ३० मीटर लांब आणि रुंदी जेमतेम पावणेचार-चार मीटर, ६० वल्ही. याचं मूळ जहाज १०४२ च्या आसपास डब्लिनजवळच्या ओकच्या लाकडाचं बांधलेलं, हे लाकडातल्या वर्षवलयांवरून कळलं. रेप्लिका २००४ मध्ये पाण्यात उतरली, २००७ मध्ये साठेक माणसं घेऊन डब्लिनला गेली आणि २००८ मध्ये परत आली. जाताना उत्तर समुद्रात वारा पडला तेव्हा काही अंतर दुसऱ्या जहाजाने ओढून न्यावं लागलं, आणि मला ही गोष्ट फार आवडते, कारण असा वारा पडला तर त्या काळच्या लोकांना थांबण्याशिवाय काय करता आलं असतं हा विचार मग आपोआप येतो. तिच्या शेजारी ओटार बघा, ही १६ मीटरची, पोट सुटल्यासारखी रुंद, मालवाहू. दोन्हींच्या मधे उभं राहून एकदा इकडे एकदा तिकडे बघा, लढायचं जहाज आणि माल न्यायचं जहाज यातला फरक कुठलंही पुस्तक न वाचता समजतो. व्हायकिंग म्हटलं की आपल्याला फक्त लुटालूट आठवते पण घरदार, गुरं, लोकर घेऊन आइसलंडकडे जाणारी माणसं ओटारसारख्या जहाजांतून गेली.

तिथे काम चालू असेल तर ते बघायला भरपूर वेळ ठेवा. ओंडका करवतीने कापत नाहीत, लाकडाच्या पाचरी ठोकून मधोमध फोडतात, मग परत अर्ध्याचे अर्धे असं करत, आणि मग कुऱ्हाडीने तासतात. असं केल्याने लाकडाचे धागे तुटत नाहीत म्हणून फळी पातळ असूनही मजबूत आणि लवचिक राहते. 

सगळ्यात महत्त्वाचं, तिकीट. म्युझियमचं तिकीट आणि बोटीत बसायचं तिकीट वेगवेगळं असतं. साधारण मे ते सप्टेंबर खाडीत जवळपास तासाभराची फेरी असते, वेळा हवामानावर ठरतात, म्हणून सकाळी पोचल्या पोचल्या आधी बोटीच्या फेरीचं विचारा आणि मग म्युझियम बघा, उलटं केलंत तर दुपारपर्यंत जागा भरलेल्या असतात. आणि अपेक्षा नीट ठेवा, तुम्हाला हॅवहिंगस्टेनमध्ये बसवत नाहीत, तिला तिचा स्वतःचा शिकवलेला क्रू लागतो, तुम्ही बसता ते नॉर्डिक पद्धतीच्या छोट्या उघड्या बोटीत, पण वल्हं खरं, शीड खरं आणि काम तुम्हालाच करायचं असतं. मला विचाराल तर हेच जास्त चांगलं, मोठ्या जहाजात तुम्ही साठातले एक असता, इथे तुम्ही वल्हं चुकवलं की अख्खी बोट तिरकी होते. अजून एक, मूळ जहाजं ज्या हॉलमध्ये आहेत तो काँक्रीटचा हॉल खारं पाणी आणि हवेने खराब झालाय आणि नवी इमारत होणार आहे, तेव्हा निघायच्या आधी काय उघडं आहे ते म्युझियमच्या वेबसाइटवर बघाच.

डेन्मार्कमध्ये एक दिवस जास्त असेल तर फ्यून बेटावर केर्टेमिंडेजवळ लादबीला जा. तिथे साधारण ९२५ साली एका सरदाराला त्याच्या जहाजासकट पुरलं होतं, सोबत अकरा घोडे. लाकूड सगळं कुजून गेलं पण मातीत जहाजाचा ठसा आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा तशाच राहिल्यात आणि टेकडीच्या पोटात शिरून तो ठसा जागच्या जागी बघता येतो. बाहेर आलात की खाडीत लादबीड्रॅगन ही रेप्लिका, २०१६ मध्ये पाण्यात उतरवलेली. आत अंधारात खिळे बघायचे आणि बाहेर येऊन तेच खिळे फळ्यांमध्ये ठोकलेले बघायचे, मला तर रोस्किल्डपेक्षाही ही जागा जास्त भिडली, गर्दीही कमी असते.

नॉर्वेत मात्र एक चूक खूप जण करतात, जुनं गाइडबुक वाचून ऑस्लोच्या बिग्डॉय भागातल्या व्हायकिंग जहाज म्युझियमला जातात. ते सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं, त्याच जागी मोठं नवीन म्युझियम बांधायला घेतलंय, तेव्हा ते उघडलंय याची खात्री झाल्याशिवाय त्याच्यावर दिवस खर्च करू नका. त्याऐवजी ऑस्लोहून ट्रेन पकडून टॉन्सबर्गला जा, साधारण सव्वा ते दीड तास लागतो, आणि तिथून त्याच लाइनवर पुढे सांडेफ्योर्ड. एका दिवसात दोन जहाजं होतात.

टॉन्सबर्गच्या धक्क्यावर सागा ओसेबर्ग असते. मूळ ओसेबर्ग जहाज याच शहराजवळच्या शेतातल्या टेकाडातून १९०४ मध्ये निघालं, ८३४ साली दोन बायकांना त्यात पुरलं होतं, आणि नक्षीकाम असं की बघतच राहावं. त्याची एक रेप्लिका १९८७ मध्ये बांधली होती आणि ती पुढच्याच वर्षी शिडाने चालवताना बुडाली. मग लोक म्हणायला लागले की ते जहाज नुसतं मिरवायचं असेल, समुद्रात जायचं नसेलच. पण काही जणांना ते पटेना, त्यांनी मूळ तुकडे स्कॅन करून परत जुळवले तेव्हा लक्षात आलं की शंभर वर्षांपूर्वी तुकडे जोडताना पुढच्या भागाचा आकारच चुकला होता. नवीन आकाराने बांधलेली सागा ओसेबर्ग २०१२ मध्ये पाण्यात उतरली आणि ती छान चालते. म्हणून तिच्यासमोर उभे राहिलात की नुसतं ते गोल वळलेलं सापाचं डोकं बघू नका, त्याच्या खाली पाण्याजवळ फळ्या कशा बाहेर फुगल्यात ते बघा, सगळी भानगड तिथे होती. धक्क्यावर स्वयंसेवक काम करत असतील तर बिनधास्त विचारा, ते मनापासून सांगतात, बरेच निवृत्त लोक आहेत आणि त्यांना तुमच्या प्रश्नांचा कंटाळा येत नाही.

सांडेफ्योर्डला बंदरात गाया असते, गोकस्टाडची रेप्लिका, जी १९९१ मध्ये अटलांटिक पार करून अमेरिकेला गेली होती. मूळ गोकस्टाडमध्ये ३२ वल्ही आणि दोन्ही बाजूंना मिळून ६४ ढाली होत्या, एक पिवळी एक काळी अशा. वल्ह्यांची भोकं नीट बघा, त्यांना लाकडाची छोटी झाकणं असतात, शीड लावलं की वल्ही आत घ्यायची आणि झाकण फिरवून बंद करायचं म्हणजे पाणी आत येत नाही. किती साधी गोष्ट आणि किती विचार केलेली.

अजून वर जाणार असाल तर नोर्डफ्योर्डाइड गावात सागास्टाड या केंद्रात मिकलेबुस्ट जहाजाची ३० मीटरची रेप्लिका आहे, २०१९ पासून, मूळ जहाज अंत्यविधीत जाळलेलं होतं म्हणून फक्त राख, खिळे आणि ढालींचे लोखंडी भाग मिळाले होते, त्यामुळे इथे अंदाजाचा भाग जास्त आहे हे लक्षात ठेवून बघा. क्रूझने जाणाऱ्यांना ही सोपी पडते. आणि उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर बोर्गला ८३ मीटर लांबीच्या सरदाराच्या घराची रेप्लिका आणि खाली पाण्यावर गोकस्टाडच्या धर्तीचं जहाज, उन्हाळ्यात वल्हवायला मिळतं, तेही डोंगरांच्या मधोमध. इंग्लंडला जाणार असाल तर केंटमध्ये रॅम्सगेटजवळ पेगवेल बे इथे हुगिन उघड्यावर ठेवलंय, १९४९ मध्ये डेन्मार्कहून ५३ माणसं ते घेऊन आली होती, आत चढता येत नाही पण तिकीटही नाही.

आता समोरचं जहाज मन लावून बांधलेलं आहे की पर्यटकांसाठी सजवलेली मोटरबोट आहे हे कसं ओळखायचं. मला एका बंदरात असा अनुभव आला की ड्रॅगनचं तोंड चिकटवलेली फायबरची बोट, शिंगांची हेल्मेटं भाड्याने, आणि लोक तेच खरं समजून खूश होऊन जात होते, मला वाईट वाटलं. तर असं करा, आधी बाजूने बघा, फळ्या कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या असल्या पाहिजेत, कडेला कड लावून गुळगुळीत नव्हे. मग आत वाकून बघा, प्रत्येक खिळ्याच्या टोकाला छोटी लोखंडी चकती ठेवून ते ठोकलेलं दिसेल. फळ्यांच्या मधे लोकर आणि डांबर असतं, जवळ गेलात की धुरकट वास येतो, हे रस्त्याचं डांबर नाही, पाइनच्या लाकडापासून काढलेलं. सुकाणू मागे मधोमध नसून मागच्या बाजूला उजवीकडे असतं, मोठ्या वल्ह्यासारखं, जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत स्टारबोर्ड म्हणतात ते यावरूनच, सुकाणूची बाजू. एंजिन दिसलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या काही चांगल्या रेप्लिकांमध्ये सुरक्षेसाठी ते ठेवतात. आणि ड्रॅगनचं तोंड नसलं तर निराश होऊ नका, रोस्किल्डच्या जहाजांना तसं काही सापडलंच नाही. आइसलंडच्या जुन्या कायद्यात तर असं होतं की किनारा दिसायच्या आधी जहाजावरचं भयंकर तोंड काढून ठेवायचं, नाहीतर जमिनीचे रक्षक आत्मे घाबरतात. शिंगांच्या हेल्मेटचं तर सोडूनच द्या, ती १९व्या शतकातल्या ऑपेराच्या कपड्यांमुळे लोकांच्या डोक्यात बसली, व्हायकिंग लोक तसली घालत नव्हते.

कपड्यांचं सांगतो, जुलै असला तरी वारा अडवणारं जॅकेट न्या, जमिनीवर ऊन लागत असतं आणि पाण्यावर दहा मिनिटांत हुडहुडी भरते. बूट सपाट आणि मऊ सोलचे, टाचा नकोत, फळ्या ओल्या असतात आणि टाचेने खराबही होतात. हलक्या रंगाची पँट नको, डांबर लागतं. अंगठ्या काढून ठेवा, वल्ह्याने बोट सोलवटतं. फोन गळ्यात दोरीला अडकवलेला असेल तरच बाहेर काढा. लाइफ जॅकेट ते देतात आणि घालावंच लागतं, लहान मुलं असतील तर वयाची अट तिकीट काढतानाच विचारून घ्या. पैशाचं म्हणाल तर दोन्ही देशांत क्रोनर, पण डॅनिश वेगळे आणि नॉर्वेजियन वेगळे, एकाचे दुसरीकडे चालत नाहीत आणि युरोवरही अवलंबून राहू नका, कार्ड मात्र जवळपास सगळीकडे चालतं.

वल्हवताना तुमची पाठ बोटीच्या पुढच्या टोकाकडे असते, म्हणजे तुम्ही जाताय तिकडे बघत नसता, तोंड मागे सुकाणूवाल्याकडे. नवीन माणूस स्वतःच्या वल्ह्याच्या पात्याकडे बघत बसतो आणि तिथेच लय चुकते. पात्याकडे बघूच नका, तुमच्या समोर बसलेल्याच्या पाठीकडे बघा, तो पुढे वाकला की तुम्ही वाका, तो मागे रेलला की तुम्ही रेला. हात सरळ ठेवा, जोर कमरेतून आणि पायातून लावा, दंडाने ओढाल तर पाच मिनिटांत दमाल. पातं पाण्यात खोल घालू नका, जेमतेम बुडेल एवढंच, खोल गेलं की पाणी ते धरून ठेवतं आणि दांडा उलटा तुमच्या छातीवर येतो. तसं झालंच तर घाबरून ताकद लावू नका, दांडा खाली दाबा म्हणजे पातं वर येतं, आणि दोन फेऱ्या सोडून मग परत लयीत शिरा. पहिली दहा मिनिटं वल्ही एकमेकांवर आपटतात, सगळ्यांचं होतं, मग कधीतरी अचानक सगळी एकदम पाण्यात जातात आणि बोट खालून उचलल्यासारखी पुढे सरकते, ते पोटात जाणवतं.

मग वारा असेल तर स्किपर, म्हणजे बोटीचा प्रमुख, वल्ही आत घ्यायला सांगतो, ती फळ्यांवर नीट लांबीत ठेवायची, कुणाच्या डोक्याला लागणार नाही बघून. शीड चढवायला सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा असतो, दोर हाताला गुंडाळून घेऊ नका, ही एक गोष्ट खरंच गंभीरपणे पाळा, शीड वाऱ्याने भरलं की झटका बसतो आणि बोटं जायची. शीड भरल्यावर आवाज एकदम बंद होतो, फक्त फळ्यांखालून पाणी जाताना ऐकू येतं, तेव्हा बोलत बसू नका, तळव्याने बाजूची फळी धरून बघा, ती हलकीशी थरथरत असते आणि लाटेबरोबर वाकते.

फोटोसाठी रोस्किल्ड सोयीचं आहे कारण खाडी शहराच्या उत्तरेला, म्हणजे पाण्याकडे तोंड केलं की ऊन बहुतेक वेळ तुमच्या पाठीमागून येतं. उभ्याने काढू नका, धक्क्यावर गुडघ्यावर बसून टोकाच्या अगदी समोरून काढा, तेव्हा दोन्ही बाजूच्या फळ्या कशा वर येऊन एका रेषेत मिळतात ते दिसतं.

हाताला डांबर लागलं तर साबणाने नुसतं घासत बसू नका, पसरतं. आधी थोडं खायचं तेल किंवा लोणी चोळा, कागदाने पुसा, मग साबण. कपड्यांवरचंही तसंच, आधी तेल, थोडा वेळ ठेवून मग गरम पाण्यात. वास मात्र दोन-तीन धुण्यांपर्यंत राहतो, मी त्या जॅकेटचा मुद्दाम काढला नाही.